गोडं पाणी

शापोऱ्याच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत
'रोझाली' तीन आठवडे ठोकळ्यांवर बसलीय.
आधी ठोकळेच बसवले, दोन दिवस त्यातच गेले.
जुझे म्हणाला, काम सुरू कधी?
म्हटलं, हेच काम.
आतली हाडं काढण्याआधी
बाहेरून धरून ठेवावं लागतं,
नाहीतर होडी आपला आकार विसरते
आणि मग कितीही समजावा, ऐकत नाही.

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो
नाळेपासून मागे.
ठण. ठण. ठण.
इंजिनाच्या अलीकडे, दोन हातांवर, ठप.
तिथून पुढे सगळं ठप.

फायबरची पूड खाजकुयलीपेक्षा वाईट.
बिशूने अंगभर पावडर फासली, तोंडाला ओला पंचा बांधला,
नुसते डोळे दिसत होते, तेही पांढरे झालेले.
वरची कातडी सोलून काढली पट्टी-पट्टीने,
खाली तुळई असायला हवी होती, माटीची, चार बोटं जाड.
निघाला चहाचा चोथा.
काळा, गार. मुठीत दाबला
तर कोपरापर्यंत पाणी ओघळलं.
बिशूने हुंगून पाहिलं. म्हणाला,
आमच्याकडे, झारखंडात, असल्या वासाच्या जागी खुखडी उगवते,
आई मीठ-मिरची घालून करते.
मग बराच वेळ तो खरवडत राहिला,
काही बोलला नाही.

मी बोट जिभेला लावलं.
खारट नव्हतं.

समुद्र वीस वर्षं बाहेरून धडका देत होता
त्याने एक थेंब आत टाकला नव्हता.
आणि मीठ तर लाकूड राखतं,
कुठल्याही जुन्या होडीला विचारा.
हे गोडं पाणी. कुजवतं ते हेच.
पाऊस म्हणावा, तर ताडपत्री धड होती.

पटाशीने चोथा काढत काढत पुढे सरकलो
आणि नाळेकडे शेवटचं हातभर लाकूड
कोरडं लागलं. लालसर. रंधा मारावा असं.
त्यावर पेन्सिलीने आकडे, ३–७, आणि खाली एक रेघ,
मिंगेल मेस्ताची सात, पोटात आडवी काट मारलेली.
मेस्त गेला त्याला नऊ वर्षं झाली.
लाकूड फायबरमध्ये बंद करताना म्हणाला होता,
आता याला वारा नाही, ऊन नाही,
हे सगळं आपल्यावर विश्वासून आहे.
भोक पाडशील तर त्याचं तोंड बुजव
आणि मगच जेवायला जा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, भूक लागलेली.
आइसबॉक्स बसवायचा होता, चार स्क्रू,
ड्रिल मारलं, पिळले, हात धुतले.

चार भोकं. अजून आहेत. रिकामी.
इतकी वर्षं सुरमई-बांगड्यांखालचा बर्फ
त्यांतून एकेक थेंब खाली उतरत होता,
भरतीलाही, ओहोटीलाही, रात्री जेटीला बांधलेली असतानाही.

आता तुळईच्या जागी नुसती तिची खोळ उभी आहे,
लाकूड नाही, तरी त्याच मापाची.
पुठ्ठ्यावर तिचा साचा कापून घेतला.
दुसऱ्या बाजूची तुळई अजून उघडणार नाही.
एका वेळी एकच. ही भरेपर्यंत
ती जशी आहे तशी, कुजलेली का होईना, राहू दे.

संध्याकाळी जुझे आला, चप्पल काढून आत उतरला.
पाणी शिरलं कुठून?
मी दाखवलं. त्याने पहिल्या भोकात करंगळी घातली,
मग दुसऱ्या.
म्हणाला, कोणा गाढवाने पाडली?

मी म्हटलं, मी.
नेमका तेव्हाच मागे बिशूने ग्राइंडर चालू केला.
जुझेने कानामागे हात धरला: काय?

बिशूची पट्टी लांब होती.
मी ग्राइंडर थांबायची वाट बघत
तिथेच उभा राहिलो, खोळीत एक पाय.