अकरा साग

गिरणारे मागे पडलं की टोमॅटोचे कॅरेट संपतात,
मग डांबर संपतं,
मग बाबांची जागा.

सव्वीस गुंठे.
'वीस वर्षांत लखपती' असं छापलेल्या गुळगुळीत कागदाला भुलून घेतलेले,
प्रेसमधल्या ओव्हरटाइमच्या पैशांतून.
कंपनीने साग लावले, विहीर खोदली,
वॉचमनची खोली बांधली, गेटवर पाटी ठोकली
आणि पाटीचा रंग वाळायच्या आत गाशा गुंडाळला.
बाबांनी हे आईला सात वर्षांनी सांगितलं,
तेही भात संपल्यावर,
रिकाम्या ताटात बोट फिरवत.

पहिल्या रविवारी आम्ही मोजले. अकरा साग.
बाकी घाणेरी, गाजरगवत,
आणि खोलीच्या भिंतीवर वाळवीने काढलेला नकाशा,
पेठ, सुरगाणा ओळखू येतील असा.
वहिनीने नाकाला ओढणी लावली.
सुयोग म्हणाला, विकून टाकू.
मी म्हटलं, आधी झाडून तर घेऊ.

झाडण्यातच अख्खा माघ गेला.

विहिरीतून काय निघालं ते मी वहीत लिहून ठेवलंय:
एक कळशी, सायकलचं मडगार्ड,
कंपनीची ती पाटी, 'लखपती'तला 'ती' शाबूत,
आणि एक कासव.
कासव परत सोडावं लागलं.
दौलत लिलके म्हणाला, ताई, विहिरीला राखणदार पाहिजे,
नाहीतर पाणी रुसतं.

रऊफभाईंनी वायर ओढली.
मीटर येईल तेव्हा येईल, होल्डर लावून ठेवतो, म्हणाले.
चार महिने ते होल्डर
आ वासून छताला लोंबत राहिले.
ओट्याला कडप्पा की ग्रॅनाइट यावर
बहीणभाऊ तीन आठवडे बोललो नाही.
शेवटी नाशिकरोडच्या पाडलेल्या चाळीतली शहाबादी आली,
कुणाच्या तरी हळदीच्या डागासकट.

तार ओढायच्या दिवशी हिराबाई बेंडकोळी आली.
डोक्यावर दोन हंडे.
खांबाचा खड्डा घेतला होता तिथेच उभी राहिली.
म्हणाली, मी इथून जाते.
कधीपासून?
तिने मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी साग दाखवला.
हा माझ्या कमरेइतका व्हता तवापून.
शेरडांपासून अकरा राखले मी.
बाकीचे चुलीत गेले. खोटं कशाला बोलू?

सातबारा माझ्या पिशवीत होता.
तिथेच राहिला.
दौलतने न विचारताच खांब दोन हात सरकवला.
आता कुंपणाला तिथे पडलेल्या दातासारखी फट आहे.
सुयोग विचारतो, मग कुंपण घातलंच कशाला?
मला उत्तर सुचलेलं नाही.
हिराबाई मात्र जाता जाता
कधी वाटीभर नागलीचं पीठ ठेवून जाते, कधी टोमणा:
एवढ्या चकचकीत फरशीवर बसता कुठं तुम्ही?

मे महिन्यात आई आली.
पायरीवर बसून आधी धाप ओसरू दिली.
ओटा पाहिला नाही, विहीर पाहिली नाही.
काठी टेकत थेट पहिल्या सागापाशी गेली,
बुंध्यातून फुटलेलं एक कोवळं पान खुडलं,
तळहातावर चोळलं.
हात लाल झाला.
साग आहे गं खरंच, म्हणाली,
म्हणजे अगदीच फसवलं नव्हतं ह्यांना.
तो हात तिने संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

रात्री सात जण एका खोलीत आडवे झालो.
कोणाचा पाय कोणाच्या उशीवर कळेना.
संडासाचं दार अजून लागत नाही,
आत असणाऱ्याने खोकायचं
नाहीतर गाणं म्हणायचं असं ठरलंय.
आई गात नाही. ती आकडे म्हणते.
पहाटे मी ऐकत पडले होते,
नऊ, दहा, अकरा,
वाटलं, आता थांबेल.
फटीतून हंड्यांचा आवाज गेला.
बारा, म्हणाली आई. तेरा. चौदा.