हसताना ओढतं

पडद्यावरच्या आकड्याखाली पेन धरून
डॉक्टर उर्वे म्हणाल्या, उंबरठा वाढलाय.
मला आमच्या घराचाच आठवला,
सारेमा बेटावरचा, ओकचा,
हेल्मी पाय जुळवून ज्याच्यावरून उडी मारते तो.

हा वेगळा.
तारेच्या टोकाची ठिणगी
हृदयाला कळण्यासाठी किती मोठी असावी लागते,
त्याचं हे माप.
गेल्या हिवाळ्यात सव्वा व्होल्ट,
आता चारला थोडंच कमी.
मधल्या काळात तारेच्या टोकाभोवती
मांस साचत गेलं,
पांढरं, चिवट, बहिरं.
पूर्वी पेसमेकरचं कुजबुजून भागायचं,
आता त्याला प्रत्येक ठोक्याला ओरडावं लागतं.
आठ वर्षांसाठी म्हणून बसवलेली बॅटरी
त्या ओरडण्यातच संपत चाललीय.

चूक कुणाची, मी विचारलं.
कुणाचीच नाही, त्या म्हणाल्या,
शरीर फक्त बरं होतंय.

परतताना फेरीवर हेल्मीनं दोन पॅनकेक खाल्ले,
जॅम माझ्या बाहीला पुसला.
मी काही बोललो नाही.

आमच्या मेंढ्यांच्या कुंपणात एक रोवनचं झाड आहे.
खांब कमी पडला म्हणून
वडिलांनी तार त्याच्याच बुंध्याला ठोकली होती.
झाडानं ती गिळली.
सालीला ओठासारखी एक घडी तेवढी उरली,
डावीकडून तार आत जाते, उजवीकडून बाहेर येते.
मी एकदा पक्कड लावून ओढून पाहिलं.
पानं हलली, तार नाही.
शेवटी दोन्ही बाजूंनी कापली
आणि मधली ठेवली त्याची त्यालाच.

उर्वेही तेच म्हणाल्या होत्या.
जुनी काढायला गेलो तर जास्त फाटेल.
ती राहू दे. नवी दुसऱ्या जागी शिवू.

मारेट रात्री बेकरीत असते,
म्हणून चोळायचं काम माझं.
बरगडीखाली, वीतभर वण.
आधी माझ्याच अंगठ्याला तेल लावतो,
कुंपणाच्या कामानं तो खरबरीत झालाय.
मग लहान लहान गोल, पाच मिनिटं,
आडवं, उभं, पुन्हा आडवं.
कातडी मांसावरून सरकायला हवी.
एका जागी सरकत नाही.
तिथे तिनं आतलं काहीतरी घट्ट धरलंय,
जत्रेत पोर आपल्या माणसाचं बोट धरतं तसं.
मी त्या जागेवर चिडतो.
मग लाज वाटते.
तेही तिचंच मांस आहे,
आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं
कुठं थांबायचं.

शनिवारी सौनात तिचा मावसभाऊ तानेल
वणाला बोट लावून म्हणाला, गांडूळ आहे का?
चेन आहे, हेल्मी म्हणाली,
बॅटरी संपली की उघडतात.
फळीवरचे सगळे हसले, मीसुद्धा,
तीही हसली, पण पोटावर तळवा दाबून.
दुखतं का?
नाही. हसताना ओढतं.

त्यानंतर काही दिवस
घरात कुणी विनोद केला नाही.
मग तीच वैतागली.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार.
गाडी सुरू करून ठेवलेली,
पिशवीत तिचा ससा, कागदपत्रं, जाड मोजे.
मारेट तशीच कामावरून आलेली, कपाळावर पीठ.
हेल्मी दारातून बाहेरच येईना.
जाऊन पाहिलं तर गुडघ्यांवर बसून
शाळेच्या पट्टीनं उंबरठा मोजत होती,
जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
एकदा या टोकाला, एकदा त्या.

चार सेंटिमीटर, ती म्हणाली.
उन्हाळ्यातही चारच होता.
त्यांना सांग.

आणि पट्टी दप्तरात नाही,
माझ्या खिशात ठेवली.