शेवटचा शब्द गाळून

तार्तूमध्ये, बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही पाच जण नावं ठेवायला बसलो
आणि पहिला अख्खा दिवस
एकमेकांनाच नावं ठेवली.

बारसंच म्हणा. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत,
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या,
आणि दोनशे त्र्याऐंशी बाळं,
प्रत्येक बावीस ठिपके रुंद, बावीस ठिपके उंच.
पत्रांच्या प्रोग्रॅममध्ये जी 'टोपली'
तीच फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये 'कचरा',
आणि लेम्बितने एकट्याने लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये
'चित्र-सात-नवं-खरंच-शेवटचं'.
त्यामुळे कोणी हौसेने थीम बदलली
की अर्धा पडदा नवे कपडे घालून उभा,
अर्ध्यावर नुसत्या पांढऱ्या चौकटी,
तसबिरी उतरवल्यावर भिंतीवर राहतात तशा.

बास्तियां म्हणाला, याला फ्लॉपीच म्हणू, सगळे ओळखतात.
लेम्बितची मुलगी कोपऱ्यात घोडा रंगवत होती.
तिला दाखवलं.
"कपाट," ती म्हणाली, आणि परत घोड्याकडे वळली.

तेव्हा उर्वेने फळ्यावर लिहिलं, खडू मोडेस्तोवर दाबून:
दिसतं त्याचं नाव नको, करतं त्याचं ठेवा.
कात्री नव्हे, काप.
भिंग नव्हे, शोध.
फ्लॉपी नव्हे, जपून ठेव.
चित्र उद्या कोणी काहीही काढो,
हवं तर मडकं काढो,
हाक तीच राहील.

इथवर सोपं होतं.
मध्ये काळा पाव आणि खारवलेले मासे खाऊन झाले.

भांडण पेटलं ते नसलेल्या चित्रांवरून.
थीम करणारा एकटा जीव,
कामावरून येऊन रात्री दोन-चार चित्रं काढणार,
'जाळं-बिनतारी-जोडलेलं-अर्धवट' तो कुठून आणणार?
मग तिथे काय दाखवायचं? पांढरी चौकट?

उर्वे बोलू लागली, फळ्याकडे बघत, आमच्याकडे नाही.
आधी पूर्ण नावाने हाक मारा.
ओ आली नाही तर शेवटचा शब्द गाळा,
पुन्हा हाक मारा.
जाळं-बिनतारी-जोडलेलं-अर्धवट.
जाळं-बिनतारी-जोडलेलं.
जाळं-बिनतारी.
जाळं.
नेमकं नसेल, पण कोणीतरी ओ देईल.

हे कुठून सुचलं, बास्तियांने सहज विचारलं.

"आईकडून. ती व्हिल्यांडीच्या इस्पितळात आहे.
मागच्या हिवाळ्यात नर्सला सांगायची,
ही माझी धाकटी लेक उर्वे.
बर्फ वितळलं तेव्हा, माझी धाकटी लेक.
उन्हाळ्यात, माझी धाकटी.
परवा गेले तर नुसतं
'माझी' म्हणाली,
आणि कुशीवर वळून माझ्यासाठी जागा केली."

लेम्बितने एक चिठ्ठी चिकटवली. ती पडली.
त्याने ती उचलून पुन्हा चिकटवली, तळव्याने बराच वेळ दाबून धरली.
खिडकीखाली गोठलेली नदी,
जिला इथले लोक आईनदी म्हणतात,
पण ते त्या वेळी कोणी बोललं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी नियम एकमताने मंजूर झाला.
टिपण माझ्याकडे होतं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
चौकट रिकामी राहू नये म्हणून.

'टोपली' की 'कचरा',
ते मात्र दुसऱ्या दिवसावर गेलं.