पान दोनशे सोळा

उदगीरच्या बसस्टँडमागं माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, सातबाराच्या झेरॉक्सा,
कुणाच्या तेराव्याची शोकपत्रिका,
आणि दर मंगळवारी, शनिवारी
मैमुना टीचरची कादंबरी.

त्यांची म्हणजे त्यांनी लिहिलेली नव्हे.
लिहिली समुद्रापल्याडच्या डोंगरातल्या एका बाईनं,
स्पॅनिशमध्ये.
टीचर ती मराठीत आणायल्यात,
दुरेघी वहीत, जांभळ्या शाईनं,
सात वर्षं झाली.
शब्दकोश हैदराबादच्या रद्दीतला,
शेवटची ऐंशी पानं वाळवीच्या पोटात.
त्या पानांतले शब्द टीचर थेट बाईलाच विचारतात,
माझ्या ईमेलवरून.

हीच भाषा कामून, मी एकदा विचारलं.
म्हणाल्या, हणमंत, त्यांच्या घरात आपली भांडी निघतात रे.
कमिसा म्हणजे कमीज. असुकार म्हणजे शक्कर.
गावचा मोठा माणूस अल्काल्दे, तो आपला काझी.
अरब तिकडं आठशे वर्षं राहिले,
जाताना शब्द विसरून गेले,
जसा आपल्याकडं निजाम विसरून गेला
तहसील, पेशकार, मौजे उदगीर.

मार्गशीर्षात मेल आलं:
मोठ्या बक्षिसाला पाच पुस्तकं उरलीत,
त्यात आपलं एक.
‘आपलं’ हे टीचरनी जोडलेलं. मेलमध्ये नव्हतं.

निकाल नेमका येळवशीच्या रात्री.
दुपारी गुट्टेंच्या रानात, कडब्याच्या खोपीपाशी,
टीचरनी आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला
आणि तशाच थांबल्या.
अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं ते मक्याचं आंबट पेय,
ज्याला दोन वर्षं मराठी सापडत नव्हती!
मिशीवर ताक असल्यागत हसल्या.
सायंकाळी मी तिथं टाईप केलं: आंबील.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
स्क्रीनवर काळे कोट, फुलांचा ढीग,
एक टक्कल माईकपुढं.
टीचर सांगायल्या:
आता परीक्षकांचे आभार मानायलाय.
अजून आभारच.
आता म्हणतोय, निवड लई अवघड गेली.
हे सगळीकडं म्हणतात.
मग त्यानं पाकीट उचललं
आणि लाईट गेली.
यूपीएसची बॅटरी गेल्या उन्हाळ्यापासून मेलेली,
नुसती टीं टीं करत राहिली.

अंधारात टीचरनी ओढणी नीट केली,
वही पिशवीत घातली.
मी म्हणालो, मोबाईलवर बघू का?
म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. अम्मीची गोळी द्यायचीय.

मी बघितलं, घरी जाऊन, गोधडीत.
दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

शनिवारी त्या आल्या.
निकालाचं काही विचारलं नाही.
दोनशे सोळाव्या पानावर बोट ठेवलं:
इथं काझीचा झी ऱ्हस्व झालाय.
आणि हा शब्द आहे तसाच ठेव, ओहाला.
याला मराठी करू नको.
आमची अम्मी यासाठी इन्शाल्ला म्हणते,
तुझी आई म्हणते, देवाच्या मनात असंल तर.
दोन्ही अरुंद पडायलेत.
मग कशावर टाईप करू, मी म्हणालो.
म्हणाल्या, वाचणाऱ्यावर.
मला काही कळलं नाही. टाईप केला.

बुधवारी बाईचं मेल आलं. साडेचार ओळी.
मला त्या भाषेतलं ओ की ठो येत नाही,
पण तिसऱ्या ओळीत, मधोमध,
तो शब्द होता.
बाकीच्या ओळी नुसत्या अक्षरं,
तो एक ओळखीचा माणूस,
परभणीच्या स्टँडवर अचानक दिसावा तसा.

प्रिंट काढली. चांगल्या कागदावर.
पुढच्या मंगळवारी वहीत घालून दिली.
टीचरनी उभ्यानं वाचली, घडी घातली,
चष्मा पुसला, पाकीट काढलं.
किती झाले?
मी म्हणालो, दोनशे सोळापर्यंतचे दिलेत तुम्ही.
मागं एक बाप मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी
कधीचा ताटकळत उभा होता.