डोरीनसाठी बारा फूट

पहिली चूक जाळीची.
कोंबड्यांची जाळी, स्वस्तात मिळालेली,
चार खुंट्या ठोकल्या आणि म्हटलं, झालं.
डोरीन दिवसभर धडका देत राहिली
एकाच जागी, नाकाचं सालटं निघेस्तोवर.
सालेह त्याच्या बाजूनं बघत होता.
म्हणाला, पलीकडचं दिसतंय तिला, कथबर्ट.
दिसतंय तोवर ती चालणारच.

म्हणून फळ्या. धक्क्यावरच्या जुन्या,
मिठानं राखाडी पडलेल्या.
दीड फूट वर, एक फूट जमिनीत,
कारण कासव उकरतं.
कोपरे गोल, कारण कोपरा दिसला
की कासव दोन्ही भिंतींना पाय लावून
घरफोड्यासारखं वर चढतं
आणि पाठीवर पडून आभाळ बघत बसतं.
गोल करणं मला जमतं.
टाइनच्या काठावर चोवीस वर्षं
जहाजांची पोटं वाकवली, सांधली.
माझ्या माहितीत एकही बुडालं नाही,
आणि परत येऊन तसं सांगितलंही नाही कुणी.
हात सगळे जाणाऱ्या वस्तूंवर झिजले.
जाऊ न देणारी वस्तू ही पहिलीच.

इथलं ऊन म्हणजे पेन्शन,
उशिरा येतं, तेही कापून.
म्हणून तोंड दक्षिणेला, पाठीशी विटांची भिंत,
जी दुपारी तापली तर सातपर्यंत धग सोडत नाही.
छपराची एक काळी पाटी, पोट शेकायला.
सालेहच्या न्हाणीघराची काढलेली खिडकी
आडवी टाकून खाली एक खण, आत माती, एक दिवा.
बाहेर अकरा अंश असतात तेव्हा आत वीस.
सालेहचे वडील एडनहून आले होते
जहाजाच्या भट्टीत कोळसा लोटत.
खिडकीला पट्टी मारता मारता तो म्हणाला,
बाबांची एवढी सोय कुणी केली नव्हती हं.
मी हसलो.
मग हसणं तिथंच राहिलं
आणि आम्ही दोघं बराच वेळ नुसते स्क्रू पिळत होतो.

एनिडनं तिला बाजारातून आणलं तेव्हा
एनिड अकरा वर्षांची. लाकडी खोक्यात
चाळीस कासवं, एकावर एक, बटाट्यांसारखी.
बाकीच्या एकोणचाळिसांचं काय झालं
हे तिनं मला लग्नानंतरही विचारलंय,
जणू मला ठाऊक असेल.

साठ वर्षं डोरीन.
गेल्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी
उलटी धरून शेपटी पाहिली
आणि शांतपणे सांगितलं, हा नर आहे.
आता या वयात कोण नाव बदलणार.
एनिड दोन दिवस हसली असती.
तिसऱ्या दिवशी आठवून पुन्हा.

राहिली डॅफोडिल्स.
बाईंनी दिलेल्या कागदावर,
'विषारी' या शब्दाखाली, तिसरी ओळ.
भिंतीलगतची अख्खी रांग, एनिडच्या हातची.
नुसती पात कापून भागत नाही,
कंद काढावे लागतात, खुरप्यानं, गुडघ्यांवर.
सत्त्याण्णव.
मोजायचे नव्हते, मोजले गेले.
बादली घेऊन फाटकाशी उभा राहिलो,
कचऱ्याची गाडी यायला अजून दोन दिवस होते.
सालेह काही बोलला नाही,
बादली माझ्या हातातून घेतली
आणि त्याच्या बाजूला, कुंपणालगत,
वाकड्यातिकड्या ओळीत पुरून टाकले सगळे.
त्याला बागकाम येत नाही.

आज सोडली.
एक फेरी मारली तिनं, फळी फळीला खेटून,
सांधे तपासणाऱ्या साहेबासारखी.
एका जागी थांबली. मला वाटलं, सापडली फट.
पण तिथं डँडेलियन होतं.
खाल्लं. पिवळं तोंड घेऊन पाटीवर बसली.

फळ्या दीड फुटाच्या.
तिला पलीकडचं दिसत नाही.
मी उभा असतो, मला दिसतं.
मार्चला अजून नऊ महिने आहेत.
समुद्राकडून गार सुटलंय,
दिवा लावायला हवा.