वाढत्या अंगाचं

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक आई हेच म्हणते,
"वाढत्या अंगाचं शिवा हो."
म्हणून कमरेला दीड इंच माया सोडते मी,
खालच्या घडीत तीन.
शिवणीच्या आतल्या जादा कापडाला
आमच्या धंद्यात मायाच म्हणतात,
त्यात माझी काही कविता नाही.

कोपरखैरणे, सेक्टर पाच, तळमजला.
वहीत एक पान: स्वरांगी ढेबे, आठवी ब.
कंबर अठ्ठावीस.
गणपतीनंतर तीस.
नाताळच्या सुट्टीत आईनं स्कर्ट टेबलावर ठेवला, हुक तुटलेला.
मी आतून पाहिलं, म्हटलं,
"वहिनी, माया संपली."
शब्द तोंडातून गेला
आणि दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

बाप मसाला मार्केटात माथाडी.
त्याच्या लहानपणी गावाकडे भाकरी मोजून मिळायची,
म्हणून या घरात कुणी कुणाचं ताट मोजत नाही.
शाळा सातला, क्लास दोनला, दुसरा क्लास पाचला,
मधल्या रस्त्यावर पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं.
समोरच्या मैदानाला जाळी लागली,
आत हिरवं प्लास्टिकचं गवत,
तासाला नऊशे.

मानेचं माप घेताना मी थबकले होते.
कॉलर जिथे बसते तिथे काळसर, जाड, मखमलीसारखी रेघ.
"मळ आहे तो," आई म्हणाली,
"बेसन झालं, लिंबू झालं, वज्रीनं घासते रोज."
पोरीनं वेणी पुढची मागे टाकली.
उन्हाळ्यातसुद्धा ती वेणी मानेवरच असायची.

मग शाळेत तपासणी झाली.
तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात
माझ्यासारखीच टेप, पिवळी, एका टोकाला पत्रा.
त्यांनीही कंबर मोजली, मान मोजली, उंची मोजली,
पण कापड कुठे बेतलं नाही.
रक्त घेतलं उपाशीपोटी.
साखर ठीक, इन्सुलिन जास्त.
म्हणजे काय, ते आई मला सांगायला आली
मशीनपाशी स्टूल ओढून:
"किल्ली आहे म्हणे, पण कुलूप ऐकेना.
म्हणून शरीर किल्ल्यांवर किल्ल्या पाडतंय.
आजार नाही म्हणाल्या अजून.
मावशी, आणि तो मळ नव्हता."

एवढं बोलून ती गप्प झाली.
पोरगी शेजारीच उभी होती.
आईचा हात सवयीनं तिच्या मानेवर गेला,
वज्री नव्हती हातात,
तर नुसताच राहिला तिथे.

मी म्हटलं, इकडे ये.
रिळाचा पांढरा दोरा टाचेपासून डोक्यापर्यंत धरला,
कापला, बरोब्बर मधोमध दुमडला.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं:
उंचीच्या निम्म्या दोऱ्यात कंबर मावली पाहिजे.
दोन टोकं बेंबीपाशी आली
आणि मध्ये चार बोटं थांबली.

"चारच ना?" ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"आणि उंची वाढली तर दोरापण वाढेल ना मावशी?"
आठवीतली पोर.
इतकी वर्षं टेप गळ्यात घालून बसले,
हे गणित मला सुचलं नव्हतं.

दोरा मी वहीत तिच्या पानाला टाचून ठेवलाय.
आता ती क्लासला चालत जाते, गटाराच्या कडेकडेनं,
वाटेत काचेवर टकटक करते.
पाकिटं सुटली का, मी विचारत नाही.
परवा आली, स्कर्ट गुडघ्यावर चढलेला.
घडी उसवली, एक इंच खाली सोडली.
कमरेला तिनंही हात लावू दिला नाही, मीही लावला नाही.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर
माझ्याच टाचेखाली दोरा धरून पाहिला.
वरचं टोक डोक्यावर धरायला कुणी नव्हतं.
दाराच्या चौकटीला पेन्सिलची खूण केली,
दुमडला, गुंडाळला.

किती बोटं उरली ते
वहीत लिहिलेलं नाही.