पहिली ओळ

विंडहुक, जून. बाहेर कोरडी थंडी,
आत फ्रीझरची घरघर.
ओचिवारोंगोच्या कोर्टातून आलेली फाइल:
वाळवलेलं मांस, पावणेदोन किलो.
काळ्या तोंडाचा इम्पाला, ९९.८ टक्के.
खाली माझ्या आधीच्या माणसाची ठसठशीत सही.

उआझुवा काचिवेना, वय एकसष्ट, म्हणतो
ते स्प्रिंगबॉक होतं,
परवाना घरी पत्र्याच्या डब्यात आहे.
सात महिने म्हणतोय.

मी पुन्हा जुळवून पाहिलं. यादी तशीच आली.
पहिल्या ओळीत इम्पाला.
दुसरीपासून चोविसावीपर्यंत
स्प्रिंगबॉक, स्प्रिंगबॉक, स्प्रिंगबॉक,
केसभर मागे,
कोर्टाबाहेर बाकावर बसून राहिलेले साक्षीदार
ज्यांचा पुकारा झालाच नाही.

त्या एकट्या इम्पालाला मग इतर इम्पालांत नेऊन सोडलं.
फांदीवर कुणी त्याला जवळ घेईना.
तो सरळ स्प्रिंगबॉकांत जाऊन बसला.

कुठून आलास रे?
नमुन्याचं ठिकाण: आफ्रिका.
एवढ्या खंडाला एवढाच पत्ता.
कातडं कुठे ठेवलंय, रकाना कोरा.
ओळख कुणी पटवली, कोरा.

पाठवणारीला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं,
आता निवृत्त, हात थरथरतो म्हणून उशीर:
"तेव्हा विद्यार्थिनी होते. ट्रेमध्ये चाळीस आणि एकेचाळीस
शेजारी शेजारी. वही सापडली.
त्या पानावर मी खोडलंय, आणि खोडलेलं पुन्हा खोडलंय.
त्यावरून कुणी तुरुंगात जाईल
असं कुणाच्या मनात येणार?
मला पदवी हवी होती."

राग यायला हवा होता.
मी माझ्याच ट्रेकडे पाहिलं.
बर्फ, मार्कर, ओल्या बोटांनी पुसट झालेला सात,
की एक?

अहवालात लिहिलं: ही नोंद धरू नये.
मांस स्प्रिंगबॉकचं.
म्हातारा खरं बोलतो असं लिहिलं नाही,
ते नळीला कळत नाही.
डब्यातला परवाना कोर्टाने बघावा.

नोंद अजून आहे तिथेच.
बदलायचा हक्क पाठवणारीचा,
आणि तिला पासवर्ड आठवत नाही.

साडेआठला न्दापेवा कुलूप लावायला आली.
माझ्या पडद्यावर गिधाडं होती,
एकोणीस नोंदी, त्यातल्या अकरांना गाव नाही.
"अजून किती?" तिने विचारलं.
मी किल्ली मागून घेतली.